नानांच्या डोळ्यांपुढचा नळ

देवाला अंघोळीसाठी ताटकळत ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला आणि तो माझा घरमालक होता. धरणगावच्या जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या काट्यावर आयुष्य काढून नाना घरी बसले, ते थेट देवापुढेच बसले. पूजेआधी ध्यानाचा श्लोक पुष्कळजण म्हणतात. घाईघाईत, चुलीवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून. नानांचं तसं नव्हतं. श्लोकातला विष्णू मिटल्या डोळ्यांपुढे पावलांपासून मुकुटापर्यंत उभा राहिल्याशिवाय ते तांब्याला हात लावत नसत. एक हात अंधुक दिसला की पुन्हा पहिल्यापासून. एकदा शंख दिसेना म्हणून त्यांच्या बायकोला, अक्कांना, दुपारी दोनपर्यंत उपाशी राहावं लागलं. एकदा तर विष्णूच्या अंगात पीतांबराऐवजी जावयाने दिलेला निळा टेरिकॉटचा सदरा दिसला. नानांनी तो नवाकोरा सदरा त्याच दिवशी बोहारणीला देऊन टाकला.

मला या माणसाचा हेवा वाटे, हे सरळ सांगून टाकतो. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो आणि गल्लीला सार्वजनिक नळ मिळावा म्हणून सायक्लोस्टाइल पत्रकं काढायचो. 'तहानलेल्यांनो, जागे व्हा' असा मथळा. तहानलेले पहाटेपासून जागेच असत, लांबच्या विहिरीवर हंडे घेऊन. पत्रक मात्र त्यांच्या घरी पापडांखाली अंथरलेलं दिसे. पण खिडकीतून नानांचा आवाज आला की त्याच बाया भरला हंडा कमरेवर घेऊन थांबत. नाना अडखळले की हळहळत. सभेत मी अडखळलो की हसत.

नळासाठी नगरपालिकेवर काढलेल्या मोर्चाच्या दिवशीही गल्लीची अट एकच: नाना येतील तर आम्ही. नाना दहाला येणार होते. साडेअकराला ते तिसऱ्यांदा विष्णूच्या गुडघ्यांपर्यंत पोचले होते. शेवटी मी दारातून म्हणालो, "नाना, देव कुठे जातो? साहेब जेवायला जाईल."

आश्चर्य म्हणजे ते उठले. पूजा तशीच टाकून, सोवळ्यातच.

कचेरीत साहेबाने एवढंच विचारलं, की नळ नक्की कुठे हवा. मी शासनाच्या उदासीनतेवर बोललो. त्याने पुन्हा विचारलं. इतकी पत्रकं लिहूनही मला ते ठाऊक नव्हतं. नानांनी डोळे मिटले. आधी गल्लीतली जागा आणि खालचा ओटा सांगितला, मग सांडपाण्याचा उतार, मग मोठा हंडा बसेल एवढी उंची, आणि शेवटी तोटीचं तोंड कोणीकडे. साहेब निमूट लिहून घेत होता.

पावसाळ्याआधी नळ आला. बायांनी हार घातला नानांना. मला पेढा मिळाला, तोही अर्धा. मनात म्हटलं, या म्हाताऱ्याची पूजा एकदाची बंद पडो.

ती पडली. दोन दिवस खालून आवाज आला नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी मी उतरलो. नाना देवापुढे तांब्या भरून नुसते बसले होते.

"काय करू रे भाऊ," ते म्हणाले, "डोया मिटात का नळच दिखस. देव काई येत नही."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढे ते पुन्हा श्लोक म्हणू लागले. नव्या पत्रकांची पिशवी खांद्याला लावून मी रोज सकाळी जिन्यावर थांबायचो. देव मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण श्वास रोखून ऐकायचो. पावलं यायची, गुडघे यायचे, आणि पुढे बहुतेक तोटी येत असावी, कारण नाना गप्प व्हायचे. मग मीही तिथेच उभा राहायचो, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील म्हणून.