झालरीमागची उडी

भाचीने परवा माझ्या लहानपणीचा, उड्या मारत पुढे जायचा व्हिडिओ गेम फोनवर लावून दिला. त्यातला माणूस तांदळाच्या दाण्याएवढा, पण बाकी सगळं स्वच्छ दिसत होतं. अगदी वरचं आकाशसुद्धा. त्या आकाशाचंच मला नवल वाटलं.

आमच्या टीव्हीवर आईने क्रोशाचं कव्हर विणून घातलं होतं. त्याची झालर पडद्यावर चार बोटं खाली लोंबायची. अंगठ्याएवढा आमचा हीरो जमिनीवर असेपर्यंत ठीक, पण उडी मारली की झालरीमागे गडप. शक्ती मिळून तो दुप्पट झाला, की मग तर वरच्या विटांवर उभ्याउभ्याच त्याचं डोकं दिसेनासं व्हायचं. कव्हर काढायची माझी टाप नव्हती; टीव्हीवर धूळ बसते, हे आईचं ठाम मत.

माझा माणूस सारखा मरतोय हे पाहून एकदा ती भाजी निवडता निवडता उठली आणि टीव्हीशेजारी येऊन उभी राहिली.

"उडी मारायच्या आधी सांगत जा," म्हणाली.

मी "आई, उडी" म्हणायचे, की ती दोन बोटांनी झालर उचलायची. गेममधलं तिला काही कळत नव्हतं. ती पडद्याकडे बघायचीच नाही, माझ्याकडे बघायची.

पुढे कितीतरी गोष्टी मला वेळेवर दिसल्या. त्याचं श्रेय मी आपल्याच नजरेला देत आले.

फोनवर खड्डा जवळ आला. सगळं लख्ख दिसत होतं, तरी "आई, उडी" म्हटल्याशिवाय माझ्याच्याने बटण दाबवलं नाही.