दळण घेऊन पाणचक्कीला

पाणचक्की बघायला जाताना सोबत दळण न्यायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मुळात पाणचक्कीचं खूळ माझं नव्हेच. ते दादांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. केळव्याला आमची नारळ-सुपारीची वाडी, मधे पानवेली. त्या वाडीच्या विहिरीवर रहाट हाकण्यात दादांचा जन्म गेला. रेडा गोल फिरायचा, रहाट कुरकुरायचा, गाडगी भरून वर यायची आणि पाटात रिकामी व्हायची. मग गावात वीज आली, विजेपाठोपाठ मोटर आली. रेडा विकला गेला आणि रहाटाचं लाकूड न्हाणीच्या चुलीत गेलं. बटण दाबलं की टाकी भरते म्हणून घरात सगळे खूश. (सगळ्यात जास्त मी. मला कपड्यांचा ढीग दिसत होता, रेड्याचे डोळे नव्हे!) फक्त दादा दुपारी विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे आणि मोटरकडे असे बघायचे, जणू ती त्यांना काढून त्यांच्या जागी कामाला लागली होती.

"दादा, घरात येऊन जरा पडा की," मी म्हणायचे.

"येतो. ही थांबू दे जरा. हिला दम घ्यायला नाय लागत बघ. एकसारखी बोंबलते."

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक केळव्याच्या किनाऱ्यावर हिंडायला येऊ लागले होते. त्यातलेच एक मास्तर आमच्या वाडीत शहाळं प्यायला आले आणि पिता पिता म्हणाले, "घाटावर एका गावात जुन्या काळची पाणचक्की आहे. पाण्यावर चाक फिरतं."

(त्या गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथले लोक आम्हाला अजून ओळखत असतील.)

दादांनी कोयता खाली ठेवला. "पाण्यावर? रेडा नाय?"

"नाही."

"मोटर?"

"छे!"

"मग पाणी काढतो कोण?"

"काढायचं कशाला? डोंगरावरून खाली येतं."

मास्तर शहाळं पिऊन गेले. दादा मात्र तसेच उभे. जेवताना म्हणाले, "आमी जल्मभर चाक फिरवून पाणी काढला. तिथं पाणीच चाक फिरवतो! एकदा बघाचं हाय मला. काय करायचं नाय, नुसतं बसून बघाचं."

दादांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं आम्हाला आठवत नव्हतं. उत्तरेला डहाणू आणि दक्षिणेला विरार, एवढंच त्यांचं जग. तेव्हा जायचं ठरलं. माझा नवरा बोईसरला कारखान्यात होता. मे महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी काही दिवस बंद राहायचा, तेवढीच त्याला रजा.

"मे महिन्यात पाणी असंल का तिथं?" दादांनी विचारलं.

"एवढी जुनी चक्की! ती काय मे महिन्याची सुट्टी घेऊन मामाच्या गावाला जाणार आहे?" मी म्हटलं. (शाबास!)

मी कपडे भरत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "चक्कीवर चाललाव, नि रिकाम्या हातानं?"

बाहेरच्यांना रिकाम्या हाताने जाण्यात काही वावगं दिसणार नाही. पण आमच्या आळीत कुणी चक्कीच्या दिशेने नुसतं तोंड केलं तरी चार घरांतून विचारणा व्हायची, "चाललाच आहात, तर आमचंही तेवढं नेता का?" चक्कीपाशी मोकळ्या हाताने जाणारा माणूस एकतर आळशी, नाहीतर घरात धान्य नसलेला. दोन्ही गोष्टी सुनेच्या अंगावर येणाऱ्या! शिवाय मला सासूबाईंचं म्हणणं पटलं. चक्की तिथे आहे, तांदूळ इथे आहेत, आपण जाणारच आहोत. एका तिकिटात दोन कामं. मी भाकरीचे तांदूळ धुऊन सावलीत वाळवले आणि पिशवी शिवली.

इथवर ठीक होतं. पण आळीत बोलताना मी म्हणाले, "पाण्याच्या चक्कीत पीठ तापत नाही म्हणतात." कोण म्हणतं ते मला माहीत नव्हतं. पण संध्याकाळी शेजारच्या हिराकाकी नाचणी घेऊन हजर!

"जास्त नाय गो. एवढुशी. बारीक दळायला सांग हां."

मग मागच्या आळीतून उडीद आले. कुणाचे तरी गहू आले. शेवटी कोळीवाड्यातली गोदूबाई, जी आम्हाला वर्षानुवर्षं मासळी घालायची, ती तांदळाचं गाठोडं घेऊन आली. तिला नाही म्हणणं शक्य नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी सुरमईची शेपटी आपल्या वाट्याला येते. गाठोडं तिच्या घरात सुक्या बोंबलांच्या शेजारी राहिलेलं होतं, हे सांगायची गरज नव्हती. नाकाला कळत होतं.

ओटीवर मांडलेल्या त्या पिशव्या दादांनी पाहिल्या. "मी बघाला चाललोय. तुमी कुठं चाललाव?"

"आम्हीपण बघायलाच. बघता बघता दळून होईल."

पालघरहून नाशिकच्या एसटीत पिशव्या चढवल्या तेव्हा कंडक्टर म्हणाला, "दुकान हलवताय का?"

"दळण आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"पाणचक्कीला."

"का? पालघरच्या चक्क्या जळाल्या?"

सगळी गाडी हसली. माझा नवरा उठला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला, अनोळखी माणसासारखा. जव्हारच्या घाटात गाडीने वळणं घ्यायला सुरुवात केली तशी गोदूबाईचं गाठोडं सीटखालून सरकत पार पुढे गेलं, आणि प्रत्येक वळणाला नवीन माणूस पाय वर घेऊन खाली बघू लागला. "मेलंय काहीतरी," एक आजोबा म्हणाले. माझ्या नवऱ्याने पण खाली वाकून शोधल्यासारखं केलं. संसारात माणूस ओळखायचा तो अशा वेळी!

नाशिकला गाडी बदलली, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणचक्कीच्या दारात पोचलो. हमालाच्या हातगाडीवर पिशव्या, मागे मी, मागे दादा, बरंच मागे नवरा. तिकीट फाडणारे एक म्हातारे चाचा होते. चक्कीची राखणही तेच करत.

"सामान बाहर रखो," चाचा म्हणाले.

"सामान नाही. दळण आहे."

"क्या है?"

"दळण! पीसना है. ये तांदूळ, ये नाचणी, और ये उडीद जरा भरडा."

चाचांनी तिकिटं खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं. मग फार मायेने म्हणाले, "बेटी, मेरे दादा के टाइम में पिसता था. अब तो जातं बी नहीं रहा. खाली चाक घूमता है. लोग देखते हैं, फोटो निकालते हैं, जाते हैं."

"चाक तरी फिरतंय ना?" दादांनी मधेच विचारलं. त्यांचं दळणाकडे लक्षच नव्हतं.

"मई में कहाँ का पानी, बाबा? दिनभर में हौद भरता है. शाम को एक बार छोड़ता हूँ."

दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते आत गेले आणि कोरड्या चाकासमोर एका दगडावर जाऊन बसले. मी दळणाच्या पिशव्या भिंतीशी लावून राखत उभी. तेवढ्यात सुट्टीतल्या शिबिराची पोरं घेऊन एक सर आले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"बघा मुलांनो! जुन्या काळी बायका अशाच दळण घेऊन इथे यायच्या."

पोरं भोवती उभी राहिली. एकाने माझ्या पदराला हळूच हात लावून बघितला. "सर, ही खरी आहे का?"

"खरी आहे रे बाबा!" मी ओरडले. पोरं दोन पावलं मागे सरली. सर गोंधळले, पण फोटो काढून घेतलाच. मग एक बाई आल्या, गाठोड्याचा वास घेतला आणि विचारलं, "बोंबील काय भाव?"

ऊन उतरलं तेव्हा चाचा उठले, भिंतीतला एक लाकडी दांडा कण्हत कण्हत वर ओढला, आणि हौदाचं पाणी खाली सुटलं. चाक आधी नुसतं शहारलं. मग एक पातं हललं, दुसरं हललं, आणि ते जडच्या जड चाक कुरकुरत फिरायला लागलं. तो आवाज मी ओळखला. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्याच आवाजाने जागी झाले होते. तेव्हा त्याची कटकट वाटायची.

मी दादांकडे पाहिलं. ते उभे राहिले होते. धोतराचा सोगा हातात धरून, जागच्या जागी, त्यांचे पाय हलत होते. एक डावा, एक उजवा. रेड्याच्या मागून चालल्यासारखे. त्यांना स्वतःला ते कळतही नसावं.

मग धार बारीक झाली. चाकाने एक अर्धा फेरा घेतला आणि ते थांबलं.

"थांबला?" दादा म्हणाले.

"हौद खाली झाला, बाबा."

"पण माझं बघून नाय झाला."

नवरा एवढ्यात कुठूनसा उगवला. सकाळची गाडी पकडायची, सोमवारपासून ड्यूटी आहे, वगैरे वगैरे. त्याचं सगळं बरोबर होतं. एरवी हेच मी बोलले असते आणि पिशव्या उचलल्या असत्या.

"तुम्ही दळण घेऊन पुढे व्हा," मी म्हटलं.

"आणि तू?"

"दादांचं बघून झालं की येते."

"अगं, म्हणजे कधी?"

"ते मला काय माहीत? मी काय चाक आहे?"

नवरा पिशव्यांसह एकटा केळव्याला पोचला, तेव्हाची हकिकत मला नंतर कळली. सासूबाईंनी पिशव्या चाचपून पाहिल्या. आत तांदूळ तसेच्या तसे. मग नवऱ्याच्या मागे रस्त्यावर पाहिलं. कुणी नाही.

"दळण परत आणलास, नि बाप नि बायको चक्कीवर ठिवून आलास?"

तो काही बोलायच्या आत हिराकाकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "नंबर लागला नसंल गो अजून!"

इकडे आम्ही धर्मशाळेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचांनी दादांना मान दिला. "बाबा, आज आप खोलो."

दादांनी दोन्ही हात मागे घेतले. "नाय. आमी जल्मभर तेच केला. मी हात नाय लावणार. मला बघाचं हाय."

ते दगडावर जाऊन बसले. चाचांनी कमरेवर हात ठेवला. "मेरी तो कमर गई है." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पदर खोचला. दांडा हलेना. मी लोंबकळले, पाय भिंतीला लावला, आणि तो असा काही अचानक वर आला की निम्मा हौद आधी माझ्या अंगावर आणि मग चाकावर गेला. चाक कुरकुरलं. मी चिंब होऊन, दांडा धरून, मान वळवून पाहिलं. दादा बसले होते, हात मांडीवर. त्या हातांत कोयता नव्हता, दोर नव्हता, टोपली नव्हती. ते हात असे रिकामे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

"सूनबाय," ते म्हणाले, "जरा अजून उचल. मस्त चाललाय."

आम्ही एक दिवस म्हणून राहिलो होतो. पुढच्या संध्याकाळी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. रोज चाचा कमर धरायचे, दादा दगड धरायचे आणि मी दांडा. परत आलो तेव्हा माझा उजवा हात पोळी लाटण्याइतकाही वर जात नव्हता.

दादा आता नाहीत. वाडीचा समुद्राकडचा तुकडा विकला गेला, तिथे पाहुण्यांना राहायला खोल्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या टाक्या भरायला दिवसभर मोटरी चालू असतात. आज कुणी येऊन सांगितलं, "दादा तिथे दगडावर येऊन बसलेत, वाट बघतायत," तर मी हातातलं काम टाकून पहिल्या गाडीने निघेन. दळण नेणार नाही.

आळीतले लोक दादांना शेवटपर्यंत विचारायचे, "दादा, खरंच पाण्यावर चालते ती चक्की?" आणि दादा अगदी शपथेवर सांगितल्यासारखे म्हणायचे, "पाण्यावर! मी बसून बघितलाय." त्यांचं मन मोडायला नको म्हणून मी कधी मधे बोलले नाही. पण आता सांगायला हरकत नाही. पाणचक्की सुनेवर चालते.