दिनकरचा बिस्तरा

आमचे हे सैन्यात सप्लायला होते. सीमेवरच्या जवानांना जेवण, कपडे, रॉकेल पोचवायचं काम. शिपाई म्हणून भरती झाले, ऑनररी कॅप्टन होऊन मूर्तिजापूरला परत आले. म्हणतात, माल वेळेवर पोचला की आमचं नाव कोणी घेत नाही.

घरची गाडी कुठंही निघाली की हे आधी त्यात ब्लँकेट ठेवतात. मे महिन्यातसुद्धा. शेजारचे गुरुजी हसतात.

"कप्तान साहेब, हिवरखेडले बर्फ पडून राहिला काय?"

हे ब्लँकेट सीटवर ठेवून गाडी सुरू करतात. त्या ब्लँकेटचं कारण मला माहीत आहे.

तेव्हा हे सुभेदार होते. रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आधीची, वरच्या चौकीची शेवटची फेरी होती. तीन ट्रक. सकाळी सहाला भरून झाले, पण रॉकेलचे दोन डबे उरले. तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर दिनकर, हिवरखेडचा. नियमाने ड्रायव्हरचा बिस्तरा, म्हणजे ब्लँकेटची वळकटी, त्याच्या सीटमागे पाहिजेच. त्याने तो खाली काढला.

"डबे ठेवा सायेब. मी संध्याकाळी वापस येतोच. दुपारी का बिस्तरा पांघरू?"

यांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे. चल."

अकराला माल पोचला. एकला गाड्या परत निघाल्या. दोन गाड्या खिंडीतून पार झाल्या आणि मागे बर्फाचा कडा कोसळला.

"गाडी तीन कुठे आहे? ओव्हर." यांनी तळावरून वायरलेसवर पुढच्या गाडीला विचारलं.

"पलीकडे अडकली. ड्रायव्हर ठीक. ओव्हर."

त्याला आणायला तळावरून माणसं पायी निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचली. दिनकर सीटवरच बसलेला होता. थंडीने गेला.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही त्याच्या आईकडे जातो. दिनकरच्या नावाने हे पितर म्हणून पाटावर बसतात, ती वाढते. बिस्तऱ्याची गोष्ट मात्र यांनी तिला कधी सांगितली नव्हती. यंदा पान वाढलं, तरी हे घास उचलेनात.

"माय, रॉकेलचे दोन डबे मावत नव्हते, म्हणून गाडीतला बिस्तरा त्यानं काढला. पण हो मी म्हटलं. सुभेदार मी होतो."

म्हातारीने पळी रसाच्या भांड्यात ठेवली. मी मान वर केली नाही.

"ते डबे वरते पोचले काय?"

"पोचले."

"तिथल्या पोरायले पुरले?"

"पुरले. उन्हाळ्यात सगळे खाली आले."

तिने पानात रस वाढला. "मंग जेव भाऊ. पितराले उपाशी उठवू नोको."

हे जेवले. निघताना ती गाडीपर्यंत आली. सीटवर ब्लँकेट दिसलं.

"एवढ्या उन्हात हे कावून?"

"दिनकरच्या नावाचं हाये," हे म्हणाले.

तिने ते उचललं, झटकलं, नीट घडी घातली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवलं.