आइसलंडच्या मुलीचा गुडघा

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्या वरच्या खोलीत आइसलंडची एक मुलगी भाड्याने राहायची. ती कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळायची आणि आमच्याकडच्या मुलांसारखी मला काकू म्हणायची. एका मॅचमध्ये उडी मारून खाली येताना तिचा गुडघा पिरगळला. त्याच गुडघ्याचं आधी ऑपरेशन झालेलं होतं. मी हाडांची डॉक्टर, पण प्रेक्षकांत नुसती उभी राहिले.

हॉस्पिटलमध्ये रिपोर्ट मी पाहिला होता, तिने नाही. तिने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यापुढे धरला.

“काकू, आईला तुम्हीच सांगा. मी परत खेळेन ना?”

तिची आई माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. तिकडे आईच आधी रडायला लागली.

उन्हाळ्यात ती मायदेशी परतली. पुन्हा कधीच खेळली नाही.