काचेवरची चार माणसं

अरे, तुझ्यावर लिहायला बसले आहे. तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे. "ताई, दुसरा कुणी सापडला नाही का?" असंच म्हणाला असतास. नाही सापडला. तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल दोनच गोष्टी बोलतात. काही म्हणतात, त्यानं कारखाना वाचवला. काही म्हणतात, त्यानं सख्ख्या बहिणीचं घर बुडवलं. दोन्ही अर्धवट आहेत, आणि अर्धवट बोलणं तुझ्या ताईला कधीच सोसलं नाही. तेव्हा गप्प बस आणि सांगू दे.

तर हा धाकटा भाऊ मोटारींच्या कारखान्यात पुढच्या काचा बसवणाऱ्यांचा मुकादम होता. त्याला सगळे फुंकर म्हणत. काच बसली की तो तोंड जवळ नेऊन तिच्यावर फुंकर मारी, वाफेत बोटांचे ठसे उमटत, ते फडक्यानं पुसे आणि मगच गाडी पुढे सोडे. बहिणीकडे चहाला आला तरी आधी तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेई. "एवढी कॉलेजात जाऊन आलीस आणि जग असल्या काचेतून बघतेस?"

एका काचेवर चार माणसं लागत. दोघं रबरी वाट्यांच्या मुठी चिकटवून काच उचलत, तिसरा तिच्या कडेनं काळ्या गमची पट्टी ओढे, चौथा गाडीत बसून ती सरळ बसते का ते बघे. पट्टी ओढणारे म्हणजे ताईचे यजमान. फुंकर त्यांना दाजी म्हणे, म्हणून अख्खा कारखानाच दाजी म्हणू लागला. दाजींचा हात सावकाश. मागचे लोक कंटाळून शिट्ट्या मारत. पण त्यांच्या काचेतून पाणी गळल्याची तक्रार कधी आली नाही.

मग गाड्या खपेनाशा झाल्या. तयार गाड्या मागच्या मैदानात धूळ खात उभ्या राहिल्या आणि मालकांनी सरकारपुढे हात पसरले. सरकारनं पैसे द्यावेत की नाही, यावर घरोघर भांडणं. ताईच्या स्वयंपाकघरात तर रोज.

"कशाला द्यायचे?" ताई म्हणायची. "नफा झाला तेव्हा मालक आले होते का वाटायला? कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची गाडी उलटली तर सरकार येतं का टोमॅटो गोळा करायला?"

"भाजीवाल्याच्या गाडीवर अख्खं गाव जेवत नाही, ताई."

"वाईट गाड्या काढल्या म्हणून खपत नाहीत!"

"काचा चांगल्या आहेत," फुंकर म्हणाला.

दाजी बशीतला चहा संपवत म्हणाले, "चालू दे तुमचं. पण माझा पगार बंद व्हायच्या आत निकाल लावा म्हणजे झालं."

शेवटी सरकारनं ठरवलं की आधी माणसं पाठवून कारखाना बघायचा, मग पैशांचं बोलायचं. फुंकरच्या अंगात वारं शिरलं. कँटीनमध्ये बाकावर उभा राहून तो म्हणाला, "रडकी तोंडं दाखवायची नाहीत. असा कारखाना बुडू दिला तर आपली झोप उडेल, असं पाहुण्यांना वाटलं पाहिजे."

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी त्यानं दाजींच्या हातातली गमची नळी काढून घेतली. "दाजी, आज तुम्ही कँटीनमध्ये बसा. चहा माझ्याकडून."

"का रे? दिसायला एवढा वाईट आहे मी?"

"दिसायला नाही हो. चालायला."

सगळे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि गेले. फुंकरनं आत बसणाऱ्यालाही त्यांच्यामागे पाठवलं. त्याचं बघून दरवाजेवाल्यांनी, चाकंवाल्यांनी आपापले म्हातारे, मंद हातांचे लोक कँटीनमध्ये धाडले. त्या दिवशी काचेवर दोनच माणसं होती, एक फुंकर आणि एक तरणा गडी. दोघांनी उचललं, दोघांनी गम ओढला, दोघांनी बघितलं. घामानं शर्ट अंगाला चिकटले, पण गाड्या अशा सरकत गेल्या की पाहुणे बघतच राहिले.

त्यांतला एक उंच साहेब थांबला. "रोज असंच चालतं?"

छाती फुगवून फुंकर म्हणाला, "रोज, साहेब."

पैसे मंजूर झाले. फाटकापाशी लोकांनी फुंकरला खांद्यावर घेतलं. मग अट कळली. पाहुण्यांनी जेवढी माणसं कामावर पाहिली तेवढीच ठेवायची. काचेवर दोन पुरतात, मग चार कशाला? कँटीनमध्ये चहा पीत बसलेले सगळे घरी.

फुंकर धावत मॅनेजरकडे गेला. "साहेब, ते एका दिवसाचं सोंग होतं. रोज तसं केलं तर माणूस मरेल."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लावून घेतलं. "मग कळवू त्यांना, की आम्ही तुम्हाला फसवलं? पैसे परत जातील. दाजी जातीलच, बाकीचेही जातील. बोल, कळवू?"

फुंकर दार उघडून बाहेर पडला. तसाच ताईकडे आला, स्वयंपाकघराच्या दारात खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं. दाजी म्हणाले, "चहा मात्र चांगला होता हो त्या दिवशी."

तेव्हा फुंकर रडला.

ताईनं त्याला समजावलं नाही. खोटं समजावणं तिला जमत नाही. ती एवढंच म्हणाली, "वाचवायचंच होतं तर माणसं वाचवायची होती. मैदानातलं लोखंड कसलं वाचवता?" ती सरकारला बोलत होती. त्यानं ते स्वतःला लावून घेतलं आणि तो यायचा थांबला.

कारखाना चालला. काचेवर दोघंच. फुंकर मारायला वेळ उरला नाही, गाड्या बोटांच्या ठशांसकट बाहेर जाऊ लागल्या. दाजींना पुन्हा काम मिळालं नाही. त्या वयात गम ओढणारा माणूस कुणाला हवा?

पावसाळ्यानंतर आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आली. लोखंडी कपाट तिथून हलवायला हवं होतं. दाजी म्हणाले, "त्याला बोलाव. दोघं मिळून सरकवू."

"शेजारची दोन पोरं रिकामी बसली आहेत, हाक मारू?"

"नको. तोच येऊ दे."

ताईनं फोन केला. पलीकडून फुंकरनं विचारलं, "दाजी म्हणाले असं?"

"मग काय मी मनचं सांगते? ये."

"येतो, ताई. रविवारी नक्की येतो."

रविवारी जादा पाळी लागली. पुढच्या रविवारी भाजीवाल्यानं त्याला कोपऱ्यापर्यंत आलेला पाहिला. दोन वेळा घराकडे बघून तो परत फिरला म्हणे.

त्यानंतर एका दुपारी काच उचलून गाडीवर धरलेली असताना फुंकर खाली बसला. छातीत कळ आली होती. काचेचा सगळा भार तरण्या गड्याच्या हातांवर आला. काच सोडावी तर ती खाली पडलेल्या फुंकरवरच पडणार. तो ती तशीच धरून ओरडत राहिला. तिसरा माणूस जवळ कुणी नव्हता. लोक धावत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. काचेला तडासुद्धा गेला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर तो तरणा गडी ताईकडे आला. चांगला आडदांड, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळून जागच्या जागी चुळबुळत होता. जाताना म्हणाला, "मावशी, जड काही हलवायचं असेल, काही काम असेल तर सांगा."

ताई दाजींकडे बघू लागली.

"काही नाही रे बाबा," दाजी म्हणाले.

कपाट ओल्या भिंतीलाच आहे.