वितभर उंच गॅलरी

साकोलीहून एकोडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जीवन शहारेचं टिनाचं शेड आहे. तिथं मोटारी भरून मिळतात. विहिरीवरची असो, बोअरमधली असो की राइस मिलमधली, जळलेली मोटार घेऊन यावं. जीवन तिच्यातली काळी पडलेली तार उपसून काढतो, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा देत बसवतो, वार्निश पाजतो आणि बटण दाबून तिचा आवाज ऐकतो. उन्हाळी धानाच्या दिवसांत विजेची लाइन खालीवर झाली की पटापट मोटारी जळतात, आणि साऱ्या तालुक्याचा जीव याच्या शेडात येऊन पडतो.

पण हे जीवनच्या तोंडून कुणी ऐकलं असेल तर त्यानं हात वर करावा.

"काय गा जीवन, कसं चालू आहे?"

"कायचं चालते गा! माशा मारून राहिलो."

मांडीवर उघडलेली मोटार, पाठीमागे मोटारींचा ढीग, फाटकाशी टेम्पोवाला हॉर्न देऊन देऊन थकलेला, आणि हा बाबा माशा मारतोय! कमाई तोंडानं बोलली की तिला नजर लागते, अशी त्याची पक्की समजूत. डॉक्टरला दुखणं सांगताना जसा चेहरा करतात तसा चेहरा तो धंद्याचं नाव निघताच करायचा. एवढ्यावर भागेना म्हणून त्यानं एक हिरवी ताडपत्री आणून ठेवली होती. ढीग वाढला की त्यावर ताडपत्री. रस्त्यावरच्यांसाठी नव्हे बरं का, ती होती गॅलरीसाठी.

गॅलरी म्हणजे आकडसासूची. आता आकडसासू म्हणजे बायकोची मोठी बहीण, हे ज्याला सांगावं लागतं तो नशीबवान. सासरे केशवराव यांनी जमीन स्वस्त होती तेव्हा एक प्लॉट घेतला आणि मधोमध सुतळी बांधून दोन्ही लेकींना वाटून दिला. थोरली प्रतिक्षा, तिचा नवरा सुगत, सरकारी हापिसात बाबू. धाकटी रक्षा, तिचा नवरा आपला जीवन. सुगतच्या अर्ध्यात दुमजली घर उभं राहिलं, आंब्याच्या रसाच्या रंगाचं, वर स्टीलच्या कठड्याची गॅलरी. जीवनच्या अर्ध्यात पुढं टिनाचं शेड आणि मागं गवत. त्या गवतात प्रतिक्षाच्या साड्या वाळायच्या, तिच्या वड्या वाळायच्या, तिची मिरची वाळायची. जीवन, रक्षा आणि लेकरं राहायची देवकाबाईंच्या घरी भाड्याच्या दोन खोल्यांत, शेडापासून हाकेच्या अंतरावर.

जीवनच्या काळजात काटा रुतला तो सुगतच्या घरप्रवेशाच्या दिवशी. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि प्रतिक्षा पाहुण्या बायांना गॅलरी दाखवायला घेऊन गेली. खाली बोट करून म्हणाली, "ते टिन दिसते ना, ते माह्या बहिणीचं. होईन तिचंबी घर, कधी ना कधी."

ते 'कधी ना कधी' जीवनच्या कानात शिरलं ते आजतागायत निघालेलं नाही.

त्यातून सुगतला कर्ज मिळालं होतं कसं? सकाळी बँकेत गेला, पगाराची पावती दाखवली, साहेबानं खुर्ची दिली, चहा मागवला. येताना गडी पेढे घेऊनच आला! जीवनला ही कथा पाठ होती, कारण सुगतनं ती प्रत्येक लग्नात सांगितली होती. दरवेळी खुर्ची थोडी मोठी व्हायची आणि चहाबरोबर बिस्किटं यायची.

"तो काय करते हापिसात?" जीवन रक्षाजवळ फणफणायचा. "या टेबलावरचा कागद त्या टेबलावर ठेवते! मी मेलेली मोटार जिती करतो. त्याले खुर्ची, मले काय? 'बाजूले उभे राहा!'"

"तुम्ही तरी कायले माशा मारता सगळ्यायसमोर?" रक्षा म्हणायची. "मारा अजून."

साडभाऊवर, म्हणजे सुगतवर, जळता जळता जीवननं एक शहाणपण केलं. भंडाऱ्याच्या एका सीएकडं जाऊन तो दरवर्षी रिटर्न भरू लागला. सीए म्हणाला, "जेवढं दाखवाल, त्याच्याच मापानं कर्ज मिळेल." लपवलेली कमाई कागदावर काढताना जीवनला भर बाजारात सदरा काढल्यासारखं वाटलं. पण काढला. साडभाऊची गॅलरी डोळ्यांसमोर ठेवून काढला. नकाशाही काढून पास करून घेतला: खाली दुकान, वर घर, आणि पुढं गॅलरी. नकाशावाल्याला त्यानं एकच अट घातली होती.

"बाजूच्या गॅलरीपेक्षा वितभर उंच पाहिजे."

"काहून?" नकाशावाल्यानं विचारलं.

"हवा येते," जीवन म्हणाला.

बँकेत फेऱ्या सुरू झाल्या. आज हा कागद, उद्या तो. शेवटी साहेब म्हणाले, "कागद बरोबर आहेत. पण तुम्हाला पगार नाही. धंदा खरंच चालतो की नाही, ते आमचा माणूस येऊन पाहील. आजूबाजूला विचारेल. तो सांगून येत नाही, आणि बँकेचं नावही सांगत नाही. त्याचा शेरा चांगला आला तर कर्ज मंजूर. नाही तर दोन वर्षांनी या."

ही गोष्ट जीवननं कुणाला सांगावी? मोनू चहावाल्याला? देवकाबाईंना? छे! कर्जाची बातमी फुटली तर गॅलरीपर्यंत पोचेल, आणि तिथून नजर लागेल. त्यानं रक्षालाही ओठ शिवायला लावले. सारी चूक झाली ती इथं.

कारण त्याच आठवड्यात घरकुलाच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी घरांच्या, सर्वेवाल्यांनी अख्खी वस्ती पालथी घातली होती. पिशवी लटकवलेला, हातात कागद धरलेला कुणीही दिसला की लोक पडका पोपडा दाखवायला धावत होते.

बँकेचा माणूस आला तेव्हा जीवन नेमका एकोडीला बोअरमधून मोटार काढायला गेला होता. शेडाचं दार अर्धं लोटलेलं, आत ताडपत्री. माणूस समोरच्या मोनूच्या टपरीवर टेकला. चहा घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "या मोटारवाल्याचं कसं काय आहे? कमाईबिमाई?"

मोनू जीवनचा जिगरी. त्यानं पिशवी पाहिली, कागद पाहिला आणि मनात म्हणाला, आज दोस्ती निभवायची!

"लय गरीब आहे साहेब," तो रडवेला चेहरा करून बोलला. "दिवसभर माशा मारते. माह्या चहाचे पैसे देताना त्याचा हात थरथरते."

माणसानं काहीतरी लिहिलं. तेवढ्यात भाजी घेऊन देवकाबाई आल्या. विचारपूस ऐकताच त्यांनी पिशवी खाली ठेवली. जीवनचं भाडं कधी एक दिवस चुकलं नव्हतं, पण बाई मनानं मोठी.

"देऊन टाका जी त्याले घर," त्या म्हणाल्या. "दोन खोल्यायत लेकरं कोंबून राहते बिचारा. घरात दाणा नाही राहत कधी कधी. मीच देतो वाटीभर तांदूळ."

माणसानं आणखी लिहिलं. वस्तीनं प्रेमानं जीवनचा गळा कापायला घेतला होता, आणि जीवन आपला एकोडीहून फटफटीवर गाणं म्हणत येत होता.

तो पोचला तेव्हा रस्त्यात तमाशा उभा होता. प्रतिक्षा गॅलरीतून खाली उतरून थेट त्याच्या शेडापुढं. कमरेवर हात, पदर खोचलेला. बाजूला तो पिशवीवाला. जीवननं त्याच्या हातातला कागद पाहिला आणि ओळखलं. चौकशीवाला! आणि चौकशीवाल्याजवळ सगळ्या जगातून कोण, तर ही!

"कोण म्हणते गरीब?" प्रतिक्षा कडाडत होती. "गरीब? हा? खऱ्या गरिबाचं घरकुल खाऊन राहिला का हा? माह्या डोळ्यायदेखत?"

"ताई, तुम्हाला कसं माहीत?" माणसानं विचारलं.

"मले कसं माहीत! वरून सगळं दिसते मले. मी काय आंधळी आहो?" आणि तिनं पुढं होऊन ताडपत्रीचं टोक धरून ती सर्रकन ओढली.

मोटारी! लहान, मोठ्या, उभ्या, आडव्या, गळ्यात गावाच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. जीवनला वाटलं, आपल्या अंगावरचं धोतरच कुणी फेडलं.

"हे पाहा," प्रतिक्षा बोट नाचवत म्हणाली. "हे तुमसरच्या मिलची, साहेब, त्यायची मोटार दरवर्षी येते, दुसऱ्याकडे जातच नाही ते. हे एकोडीच्या सरपंचाची. त्या कोपऱ्यातल्या कालच आल्या, टेम्पोनं. उन्हाळ्यात तर इथं जेवाले फुरसत नाही राहत याले, माही बहीण डबा आणते तो तसाच वापस जाते. माणसं रांगेत उभे राहते, म्हणते आधी माही भरून दे, धानाचे परे सुकून राहिले. पावसाळ्यात काम कमी, तरी मिलवाले येतातच. आणि दिवाळीले माह्या बहिणीले काय घेऊन देल्लं इचारा. सोन्याची मंगळसूत्राची वाटी! माह्या नवऱ्याचा पगार हप्त्यातच जाते. मले नाही भेटली वाटी!"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरासा फाटला. जीवननं ते ऐकलं. इतकी वर्षं तो खालून वर पाहून जळत होता, आणि ही वरून खाली पाहून? त्याला पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या. मग लगेच भीती वाटली, कारण माणसाचं लक्ष त्याच्याकडं गेलं.

"तुम्हीच शहारे का?"

"हो जी."

"या ताई सांगतात ते खरं आहे? की समोरचे सांगतात ते?"

मोनू टपरीतून डोळे मिचकावून खुणा करत होता: रड, लेका, रड! देवकाबाई पदराचं टोक डोळ्यांशी नेऊन रडायचं कसं ते दाखवत होत्या. आणि जीवनच्या जिभेवर सवयीनं ते वाक्य आलंच: कायचं चालते साहेब...

पण समोर ताडपत्री मेलेल्या सापासारखी पडली होती. एका बाजूला घर होतं, दुसऱ्या बाजूला आकडसासू होती. घर पाहिजे तर तिच्यासमोर कबूल करायचं की हो, मी कमावतो, मजबूत कमावतो. ज्या डोळ्यांपासून दडवण्यासाठी आयुष्य घालवलं, त्याच डोळ्यांसमोर. त्यापेक्षा एखाद्या चालू मोटारीत हात घालणं सोपं होतं.

रक्षा गर्दीतून पुढं आली होती. तिनं गळ्यातली वाटी पदराबाहेर काढून ठेवली.

"ताई सांगतात ते खरं आहे," जीवन म्हणाला. आवाज इतका बारीक की माणसानं कान पुढं केला.

"जोरात बोला."

"खरं आहे जी!" जीवन ओरडलाच. "लय चालते! थोडं कमीच सांगितलं त्यायनं. धानाच्या सिझनमंधी तर मी दुसरे दोघं जण हाताखाली घेतो!"

"पाह्यलं?" प्रतिक्षा टाळी वाजवून माणसाला म्हणाली. "निघाला ना चोर? काटा आता याचं नाव!"

माणूस हसला. पेन बंद केलं. "ताई, तुमच्यासारखे शेजारी प्रत्येकाला मिळाले तर आमची नोकरी सोपी होईल," म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

पंधरवड्यानं कर्ज मंजूर झालं. पेढे घेऊन जीवन आधी कुठं गेला असेल? गॅलरीखाली. प्रतिक्षाला तोवर कळलं होतं की घरकुल नव्हतं, बँक होती. तिनं पेढा हातात घेतला, खाल्ला नाही, कठड्यावर ठेवला. संध्याकाळी कावळ्यानं नेला म्हणतात. सुगत मात्र आपला मोकळ्या मनानं म्हणाला, "साडभाऊ, साहेबानं खुर्ची देल्ली का?"

"चाकाची," जीवन म्हणाला. थाप होती. पण खुर्ची ही वाढणारी वस्तू आहे, हे तो सुगतकडूनच शिकला होता.

घर झालं. गॅलरी वितभर उंच झाली. केशवरावांनी घरप्रवेशाला दोन्ही गॅलऱ्यांकडं पाहिलं आणि "सुतळी वरपर्यंत बांधाले पाहिजे होती," एवढंच बोलले. साड्या वाळायला जागा उरली नाही म्हणून प्रतिक्षा कुरकुरली, पण आल्यागेल्या प्रत्येक पाहुणीला तिनं सांगितलं, "हे घर माह्या एका शब्दानं उभं झालं. इचारा जवाईबापूले!" आणि जीवनला दरवेळी मान हलवावी लागली. आपल्या घराच्या पायात आकडसासूची जीभ पुरली आहे, हे पचवायला त्याला फार जड गेलं.

या वर्षी पाऊस लांबला नाही, लाइनही बरी राहिली, मोटारी जळेनात. शेडाच्या जागी आता पक्कं दुकान, शटर वर, पंखा चालू, आणि जीवन खरोखरच माशा मारत बसलेला. हातात वहीचा पुठ्ठा, टेबलावर मेलेल्या माशा. बाजूच्या गॅलरीत रविवार होता. सुगत बनियनवर आरामखुर्चीत घोरत होता. त्याचा हप्ता झोपेतही पगारातून कापला जाणार होता. जीवननं ते पाहिलं आणि त्याच्या छातीत ती जुनी ओळखीची आग परत लागली. आपली गॅलरी वितभर उंच होती, पण सुगतची झोप तिच्याहून उंच होती.

"काय जवाईबापू," वरून प्रतिक्षाचा आवाज आला. कपडे झटकत ती त्याच्या रिकाम्या दुकानाकडं निरखून पाहत होती. "कसं चालू आहे?"

जीवननं पुठ्ठा पाठीमागं लपवला.

"लय जोरात, ताई!" तो ओरडला. "जेवाले फुरसत नाही!"