सातव्या भागातला आवाज

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकदाच टीव्हीवर काम केलं, आणि ते त्यांनी स्वतः कधी पाहिलं नाही. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. नागपूरचा एक निर्माता रेल्वेतल्या एका कुटुंबावर तेरा भागांची मराठी मालिका काढत होता आणि त्याला जुनी रेल्वे कॉलनी हवी होती. शूटिंगला आलेल्या मंडळींनी इथल्या मराठी मंडळातून चार-पाच हौशी माणसं उचलली, त्यांत सासूबाई होत्या. काम एकाच प्रसंगाचं. नायिका घरी न आलेल्या नवऱ्यासाठी रडत बसलेली असते, शेजारीण दारातून येते, तिला दोन वाक्यं सुनावते आणि चहा करायला लावते. तेवढंच.

तो भाग लागला त्या संध्याकाळी सासूबाई धमतरीकडे एका नातेवाइकांच्या तेराव्याला गेल्या होत्या. त्या घरात टीव्ही नव्हता, आणि असता तरी तेराव्याच्या घरात तो लावला कोणी असता? परत आल्या तोवर मंडळात दोन तट पडले होते. अर्धे म्हणत, काय झकास बोललात. अर्धे म्हणत, चेहरा तुमचा होता, आवाज दुसऱ्याच बाईचा. निर्मात्याने जाताना सांगितलं होतं की आवाज नंतर मुंबईत भरतात, पण तुमचा आहे तसाच ठेवू, त्यात गोडवा आहे. सासूबाईंनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मालिका पुन्हा कधी लागली नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी लग्न होऊन पुण्याहून या घरात आले. पहिल्याच आठवड्यात मला ही गोष्ट तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितली. माझ्या मनात लगेच आलं, की बाईंना मुंबईला बोलावलंच नाही, तर आवाज त्यांचा राहील कसा? मी हे फक्त नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, इथेच टेप केला असेल. तो स्वतः तेव्हा जबलपूरच्या होस्टेलात होता आणि त्याने मालिकेचा एकही भाग पाहिला नव्हता, पण मत मात्र ठाम होतं.

मग राज्य वेगळं झालं आणि आम्ही बसल्या जागी राजधानीचे रहिवासी झालो. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं. बूढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या वाट चुकून शिरायच्या आणि तासभर अडकून पडायच्या. नवरा त्या मंत्रालयात भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे सोडत बसे, कुठली आपली आणि कुठली त्यांची हे ठरवत. त्याच वर्षांत सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

एका गणेशोत्सवात मंडळातले एक वयस्क गृहस्थ चारचौघांत त्यांना म्हणाले, आवाज तुमचा नव्हताच, मी तेव्हापासून सांगतोय. सासूबाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. सकाळी मी चहा दिला तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"तू शिकलेली आहे. ते कुठून तरी आणून दे मले," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, पण ऐकू तं येते. माझा आवाज होता का नव्हता, एवढं मले समजलं पाहिजे."

मुलाला का नाही सांगत, असं मी विचारलं. तो फाईल उघडेल, म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

मी शाळेत संस्कृत शिकवते. रूपं पाठ असली की उत्तर हमखास मिळतं, अशी मला सवय. या कामात पहिल्याच महिन्यात माझी मती गुंग झाली. इथल्या टीव्हीवाल्यांनी सांगितलं, तेव्हाचं काही असेल तर वाटणीत भोपाळला राहिलं. भोपाळचा माणूस फोनवर म्हणाला, मराठी? नागपूरला विचारा. नागपुरात निर्माता वारलेला. त्याच्या मुलाने मुंबईतल्या एका स्टुडिओचा नंबर दिला. तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कने शांतपणे सांगितलं की त्या काळी टेप महाग, जुनं पुसायचं आणि त्यावरच नवं भरायचं. तुमच्या मालिकेवर कदाचित कपाशीवरच्या किडीचा शेती-कार्यक्रम भरला असेल, म्हणाला. मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, एक संच बाहेर गेला होता मात्र. बाहेर म्हणजे कुठे? तर बाहेर म्हणजे बाहेर, देशाबाहेर.

आपल्याकडून हरवलेली वस्तू लंडनला असते, ही माझी ठाम समजूत. मी सायबर कॅफेत बसून तिथल्या एका संग्रहालयाला इंग्रजीत लांबलचक मेल लिहिला. दोन महिन्यांनी फार नम्र उत्तर आलं, की आमच्याकडे असं काही नाही. मग कोणीतरी सांगितलं की हॉलंडमध्ये सुरीनामहून आलेली, मूळची भारतीय मंडळी आपल्या मालिका बघतात. तिथेही लिहिलं. तेही नम्रच. त्यांनी उलट मलाच विचारलं, मराठी ही हिंदीची बोली आहे का? मी संतापून दोन पानी उत्तर लिहिलं आणि मालिकेबद्दल विचारायचं विसरूनच गेले.

शेवटी माझ्या मुलीने वाट काढली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. एकदा जेवता जेवता ती म्हणाली, "मम्मी, मॉरिशस में भी तो मराठी लोग हैं. वहाँ क्यों नहीं पूछतीं?"  कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर गेलेली माणसं आहेत, त्यांच्या टीव्हीवर मराठी लागतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

तिथल्या टीव्ही केंद्राच्या ग्रंथालयातल्या एका बाईंचं आठवड्यात उत्तर आलं. इंग्रजीत होतं, पण शेवटी रोमन अक्षरांत "नमस्कार" लिहिलेलं. मालिका त्यांच्याकडे होती. त्यांच्या आजीला ती आवडायची. कुठला भाग हवा तेवढं कळवा, म्हणाल्या.

इथे खरा गोंधळ सुरू झाला. नवरा म्हणाला पाचवा. दुर्गहून नणंद म्हणाली सातवा, तिला पक्कं आठवत होतं, कारण तिच्या धाकट्याला त्या दिवशी गोवर निघाला होता. मंडळाच्या जुन्या वहीत नववा असं लिहिलेलं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मले काय माहीत, मी तर तेराव्यात होती. मी तिन्ही आकडे कळवले. मॉरिशसच्या बाईंनी लिहिलं की आमचे आकडे तुमच्याशी जुळणार नाहीत, चक्रीवादळाच्या इशाऱ्यांमुळे आम्ही दोन भाग गाळले आणि मागाहून शेवटी लावले. म्हणजे आमचा सातवा त्यांचा पाचवा, किंवा बारावा, गाळलेले भाग कुठले त्यावर. मी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता केला. चार दिवसांनी मलाच तो वाचता येईना. वर्गात मुलांना द्विवचन शिकवताना मी फळ्यावर पाच, सात, नऊ असं लिहून ठेवलं आणि मुलं मुकाट्याने उतरवून घेत राहिली.

पहिली कॅसेट आली. मंडळातून व्हीसीआर मागून आणला, सगळे जमलो. कॅसेटमध्ये लॉटरीची सोडत आणि कुठल्याशा पुलाचं उद्घाटन होतं, सगळं फ्रेंचमध्ये. पुढे तरी आपलं लागेल म्हणून आम्ही ते पाऊण तास पाहिलं. सासूबाई शेवटपर्यंत कान देऊन बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, हे आपल्याकडचं नाही वाटत. मुलगी हसून हसून बाहेर पळाली, आणि मला रडू यायला लागलं.

मी चूक कळवली, आणि दोन महिन्यांनी एका दुपारी दुसरी कॅसेट आली; वर "तुमचा सातवा" असं लिहिलेलं, म्हणजे नणंदेचं खरं होतं. नवरा मंत्रालयात, मुलगी कॉलेजात. मी आधी एकटीने बघणार होते, म्हणजे काय सांगायचं ते ठरवता आलं असतं. पण सासूबाईंनी पोस्टमनचा आवाज ऐकला होता. मी आत येईपर्यंत त्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत पदर सारखा करून बसल्या होत्या.

तिकडची टेपची पद्धत वेगळी, त्यामुळे मंडळाच्या, अजून परत न केलेल्या मशीनवर रंग उमटले नाहीत. सगळं करडं. भाग निम्म्यावर आला तेव्हा नायिका रडत बसलेली दिसली. दार ढकलून एक सडसडीत बाई आत आली. हातात पातेलं, पदर खांद्यावर ओढून घ्यायची तीच लकब. मी म्हटलं, "आई, आल्या तुम्ही."

"साडी हिरवी दिसते ना?"

"हो," मी म्हटलं. मला काय दिसत होतं ते मलाच ठाऊक. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं.

"का रडतेस गं पोरी? चहा ठेव बघू. आला तर आला, नाही तर नाही."

"तू काहून बोलून राहिली मधात?" सासूबाई चिडून म्हणाल्या. "मले ऐकू दे."

मी बोललेच नव्हते. पण खरं सांगते, क्षणभर मला खात्री वाटेना. मी तोंडावर हात ठेवून पाहिला. तो आवाज माझा असू शकला असता. तीच पट्टी, तोच "बघू", तोच स्वच्छ, धुतलेला पुणेरी सूर. त्याच सुरात मी पंधरा-सोळा वर्षं या घरात मुलीला "मले नाही, मला म्हण" असं सांगत आले होते, आणि तेही तिच्या आजीच्या देखत. मुलीने दोन्ही सोडून हिंदी धरली. आजी माझ्यासमोर कमी बोलायला लागली. मला वाटायचं, वय झालं. त्या दुपारी मला स्वतःची लाज वाटली.

"मी नाही बोलले, आई. टीव्हीतून आलं ते."

 पडद्यावर नायिका डोळे पुसून उठली, चहाचं आधण ठेवलं गेलं, प्रसंग बदलला. मी कॅसेट थांबवली. बाहेर गल्लीत कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती.

"मंग मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

 चेहरा तुमचा आहे, हे अंध माणसाला सांगून काय उपयोग? मंडळातले ते गृहस्थ इतकी वर्षं खरं बोलत होते, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी कॅसेट मागे नेली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. का केला ते अजूनही नीट सांगता येणार नाही.

"आई, आता आवाज बंद आहे. तुम्ही दारातून आलात की मी सांगते. तेव्हा तुम्ही म्हणायचं, तेव्हा म्हणाला होतात तसंच."

त्या लाजल्या. आता काय आठवते, म्हणाल्या. मी चालू केलं. दार ढकललं गेलं, पातेलं दिसलं, मी म्हटलं, "आल्या."

"काहून रडून राहिली वं पोरी? चाय मांड. तो येते तं येते, नाही तं नाही."

एकदाही न अडखळता. आणि पडद्यावरच्या करड्या बाईचे ओठ त्याच शब्दांवर हलत होते, "काहून"पासून शेवटच्या "नाही"पर्यंत. मुंबईत बसून कोणी दुसरं वाक्य त्यावर चिकटवलं होतं आणि ते आधी कुठे सैल बसलं होतं, हे मला आत्ता दिसलं. 

"जुळलं का?" त्यांनी विचारलं.

"जुळून राहिलं, आई," मी म्हटलं.

त्यांनी चेहरा माझ्या दिशेला वळवला. "तू असं नको बोलू," त्या म्हणाल्या, "तुले नाही जमत."

मग म्हणाल्या, पुन्हा एकदा लाव, आणि आवाज बंदच राहू दे.